डोळा तोच, दर निराळा

खासगी रुग्णालयाच्या काउंटरवर जाऊन मोतीबिंदूच्या ऑपरेशनला किती खर्च येईल असं विचारलं, तर आकडा येण्याआधी उलटा प्रश्न येतो, "मेडिक्लेम आहे का?" हो म्हटलं की पुढचा, "कंपनीचा की स्वतःचा?" मग पॉलिसी कितीची, टीपीए कोण, खोलीभाड्याची मर्यादा किती. एवढी चौकशी झाल्यावर आकडा सांगितला जातो. नाही म्हटलं तर काउंटरवरचा माणूस आवाज जरा खाली आणतो आणि कॅशमध्ये डॉक्टर काहीतरी कमी करतील, असं सुचवतो. रुग्णालय सरकारी योजनेत असेल आणि रेशनकार्ड पुढे केलं, तर त्या योजनेचे कागद बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलाकडे बोट दाखवलं जातं. तोवर डोळ्यात कुणी टॉर्चही मारलेला नसतो.

छोट्या शस्त्रक्रियांच्या बिलांचा सगळा पेच या चौकशीत आहे. हृदयविकार किंवा अपघातात बिल फुगलं तर त्याला निदान कारणं दाखवता येतात. आयसीयूचे दिवस वाढले, रक्त लागलं, संसर्ग झाला. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, टॉन्सिल्स किंवा पित्ताशयाच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये अशी अनिश्चितता बेताची असते. फेको पद्धतीनं मोतीबिंदू काढताना बहुतेकदा डोळ्यात भुलीचे थेंब टाकले जातात किंवा एखादं इंजेक्शन दिलं जातं. प्रत्यक्ष काम पंधरा-वीस मिनिटांत उरकतं आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. ज्या कामाचा दर सांगणं इतकं सोपं असावं, त्याचाच दर पैसे कोण भरणार हे कळल्याशिवाय ठरत नाही.

हे किती ताणलं जातं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिसलं. 'व्हेटरन्स फोरम फॉर ट्रान्सपरन्सी इन पब्लिक लाइफ' या संस्थेची रुग्णालयांच्या दरांबद्दलची याचिका न्या. भूषण गवई आणि न्या. संदीप मेहता यांच्यापुढे होती. याचिकाकर्त्यांनी उदाहरण दिलं ते मोतीबिंदूचंच. सरकारी व्यवस्थेत एका डोळ्याचा खर्च १०,००० रुपयांपर्यंत, तर खासगी रुग्णालयांत ३०,००० पासून १,४०,००० पर्यंत. केंद्र सरकार तोडगा काढत नसेल तर तात्पुरते केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे, म्हणजे सीजीएचएसचे दर लागू करण्याचा विचार करू, असं न्यायालयानं बजावलं. नेत्रतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटनाही मग न्यायालयात गेली. महानगरातल्या तज्ज्ञाला आणि दुर्गम गावातल्या डॉक्टरला एकच दर लावता येणार नाही, असा तिचा मुद्दा होता.

तो मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. जागेचं भाडं, यंत्र, डॉक्टरचा अनुभव यांत फरक असतोच. डोळ्यात बसवायची लेन्सही एकच एक नसते. साधी मोनोफोकल, दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) सुधारणारी टोरिक, लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल असे प्रकार आहेत आणि त्यांच्या किमतीत मोठं अंतर आहे. पण दुसरी बाजूही बघायला हवी. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात स्वयंसेवी रुग्णालयाला एका मोतीबिंदूमागे मिळणारं अनुदान २,००० रुपयांच्या घरातलं आहे आणि तेवढ्यावर, देणग्यांची जोड घेऊन, लाखो डोळे उघडले गेले आहेत. मदुराईच्या ऑरोलॅबनं १९९२ पासून लेन्स देशातच बनवायला घेतली आणि परदेशी लेन्सच्या किमतीच्या अगदी थोड्या अंशावर ती आणून ठेवली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी लाखावर शस्त्रक्रिया केल्या, त्या सरकारी यंत्रांवर आणि सरकारी पगारात. तेव्हा १,४०,००० हा आकडा ऐकल्यावर त्यात लेन्स किती, कौशल्य किती आणि काउंटरवरच्या त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर किती, असं विचारणं गैर नाही.

आपल्याकडचा आरोग्यविमा उभा राहिला तो 'भरती' या एका कल्पनेवर. सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम बाजारात आणली. तिची मुख्य अट होती, रुग्ण किमान २४ तास रुग्णालयात हवा. त्या काळी ती रास्तच होती. मोतीबिंदूच्या रुग्णालाही डोळ्याला पट्टी बांधून काही दिवस झोपवून ठेवत. डायलिसिस, केमोथेरपी, डोळ्याचं ऑपरेशन, मुतखडा फोडणं, टॉन्सिल्स, क्युरेटिंग अशी मोजकी कामं या अटीतून वगळलेली होती. पुढे दुर्बीण आली, लेझर आलं, भूल हलकी झाली आणि चोवीस तासांच्या आत संपणाऱ्या कामांची यादी शेकड्यांत गेली. त्यालाच विम्याच्या भाषेत 'डे केअर' म्हणतात.

विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, डे केअरची व्याख्या ठरवून दिली आहे. काम सर्वांगाला किंवा जागेवर भूल देऊन झालेलं हवं. ते तंत्रज्ञान सुधारल्यामुळे २४ तासांच्या आत होत असावं, एरवी त्याला त्याहून जास्त भरती लागली असती. आणि जे उपचार सहसा ओपीडीत होतात ते यात धरायचे नाहीत. व्याख्या वाचताना स्वच्छ वाटते. गोंधळ होतो तो शेवटच्या अटीत.

काखेत झालेल्या गळवाचं उदाहरण घेऊ. फॅमिली डॉक्टरनं दवाखान्यात जागा बधिर करून चीर दिली, पू काढला, ड्रेसिंग केलं तर काही हजारांच्या आत काम होतं. हे ओपीडीतलं काम, त्यामुळे नेहमीच्या पॉलिसीत त्याचा एक रुपयाही मिळत नाही. तेच गळू रुग्णालयाच्या थिएटरमध्ये भूल देऊन कापलं, आयपीडी नंबर पडला आणि केसपेपर तयार झाला, तर बिल कितीतरी पट होतं आणि क्लेम करता येतो. रुग्णाच्या खिशाला दुसरी वाट स्वस्त, पहिली महाग. एंडोस्कोपीचंही तसंच. निव्वळ तपासणीसाठी केलेली भरती पॉलिसीत वगळलेली असते, मग 'पोटात तीव्र वेदना, उलट्या, निरीक्षणासाठी दाखल' असं कागदावर येतं. "एक रात्र ठेवून घ्या ना डॉक्टर, क्लेमला बरं पडेल," ही विनंती करणारा दरवेळी डॉक्टर नसतो. पुष्कळदा नातेवाईकच असतो. कंपन्या याला गैरवापर म्हणतात आणि तो आहेच, पण स्वस्त मार्ग स्वीकारणाऱ्याला काहीच न देणारा नियम त्यांनीच वर्षानुवर्षं चालवला, हेही खरं.

उलट बाजूनं २४ तासांचं घड्याळ रुग्णावरही चालवलं जातं. वडोदऱ्याच्या ग्राहक आयोगापुढे मार्च २०२३ मध्ये असंच प्रकरण निकाली निघालं. रुग्ण पूर्ण २४ तास दाखल नव्हती म्हणून कंपनीनं दावा नाकारला होता. उपचारांना आता पूर्वीइतका वेळ लागत नाही, तेव्हा तेवढ्या कारणावरून पैसे नाकारता येणार नाहीत, असं म्हणत आयोगानं रक्कम द्यायला लावली.

आता एखादी कॅशलेस फाइल जवळून बघू. मोतीबिंदूची तारीख ठरली की रुग्णालय 'प्री-ऑथ'चा अर्ज टीपीएकडे पाठवतं. टीपीए म्हणजे कंपनीच्या वतीनं दावे तपासणारी मधली संस्था. या संस्थांसाठीचे नियम २००१ मध्ये आले. अर्जासोबत ओपीडीचा कागद, दृष्टी किती उरली त्याची नोंद, लेन्सचा नंबर काढणारा ए-स्कॅन, आधार-पॅन आणि अंदाजपत्रक जातं. काही तासांत 'क्वेरी' येते. मोतीबिंदू केव्हापासून आहे? मधुमेह कधीपासून? आधीची पॉलिसी कुठली? या प्रश्नांमागे गणित आहे. मोतीबिंदू, हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, फिशर, टॉन्सिल्स, सायनस ही सगळी नावं पॉलिसीच्या प्रतीक्षाकाळाच्या यादीत असतात. बहुतेक पॉलिसींत पहिली दोन वर्षं त्यांना पैसे मिळत नाहीत. छोटी आणि ठरवून करता येण्याजोगी कामं नेमकी इथेच अडवलेली आहेत, कारण माणूस पॉलिसी घेऊन महिन्याभरात ऑपरेशन उरकेल ही कंपन्यांची धास्ती. ऑपरेशन झालं की लेन्सच्या खोक्यावरचं बारकोडचं स्टिकर केसपेपरवर चिकटवलं जातं, सोबत लेन्सचं खरेदी-बिल. रिइम्बर्समेंटचा दावा असेल तर हे स्टिकर हरवणं म्हणजे महिनाभराची पायपीट. शेवटी मंजुरीचं पत्र येतं आणि त्याखाली वजावटींचा तक्ता.

वजावटींची पहिली वाट खोलीतून जाते. खासगी रुग्णालयात शल्यविशारदाची फी, भूलतज्ज्ञाची फी, थिएटरचं भाडं हे सगळं रुग्ण कुठल्या वर्गाच्या खोलीत आहे त्यावर बदलतं. टेबल तेच, चाकू तोच, पण जनरल वॉर्डातल्या माणसाचा हर्निया स्वस्त आणि डीलक्समधल्याचा महाग. समजा पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रोज ५,००० आहे आणि रुग्णानं ८,००० ची खोली घेतली. तो समजतो की जास्तीचे ३,००० आपण भरू, मिटलं. कंपनी मात्र पाच-अष्टमांशाचं प्रमाण पूर्ण फीला लावते. सर्जन, सहायक, भूलतज्ज्ञ आणि थिएटर मिळून ८०,००० झाले असतील तर मंजूर होतात ५०,०००. एका दिवसाच्या खोलीचे ३,००० वाचवायचे राहिले म्हणून आणखी ३०,००० खिशातून जातात. २०२० मध्ये आयआरडीएआयनं याला थोडी वेसण घातली. औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्यांना हे प्रमाण लावायचं नाही, आयसीयूला लावायचं नाही, आणि जे रुग्णालय खोलीनुसार दर बदलतच नाही तिथेही नाही. डे केअरमध्ये तर हा प्रकार विनोदी होतो. माणूस खोलीत चार तास असतो, त्यांतला बराच वेळ डिस्चार्जच्या कागदांची वाट पाहण्यात जातो, आणि सर्जनची फी मात्र त्या खोलीच्या दारावरच्या पाटीवरून ठरते.

सरकारनं यात स्वतःचीही एक ओळ घातली आहे. १८ जुलै २०२२ पासून आयसीयू सोडून रोज ५,००० रुपयांवरच्या खोलीला ५ टक्के जीएसटी लागतो.

दुसरी वाट बारीक-सारीक वस्तूंची. पॉलिसीच्या शेवटी चार याद्या जोडलेल्या असतात आणि त्या वाचण्याची तसदी क्वचितच कुणी घेतं. पहिलीत ६८ वस्तू आहेत, ज्यांचे पैसे मूळ पॉलिसीत मिळतच नाहीत. डायपर, क्रेप बँडेज, स्लिंग, ऑक्सिजन मास्क, नेब्युलायझेशन किट, टेलिफोन, रुग्णाखेरीज इतरांचं जेवण. पुढच्या तीन याद्या जास्त रंजक आहेत. त्यांतल्या वस्तूंचे पैसे वेगळे लावायचेच नाहीत, ते खोलीभाड्यात, प्रक्रियेच्या खर्चात किंवा उपचाराच्या खर्चात धरलेले आहेत असं मानायचं. फाइल उघडण्याचा खर्च, ओळखपट्टी, चादर, पल्स ऑक्सिमीटर हे खोलीत. कापूस, गॉज, चिकटपट्टी, डोळ्याचं पॅड, मायक्रोस्कोपचं कव्हर हे ऑपरेशनमध्ये. नोंदणी फी, स्पिरिट, युरिन बॅग हे उपचारात. चारही मिळून दीडशेच्या आसपास नावं. कागदावर हे रुग्णाच्या बाजूचं दिसतं. प्रत्यक्षात रुग्णालय कापूस वेगळा लावतं, कंपनी तो 'आधीच धरलेला' म्हणून कापते आणि डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर तो रुग्णाकडून वसूल होतो. नियमानुसार जो पैसा कुणीच द्यायचा नव्हता, तो सर्वांत दुबळा भरतो. या एका जागी कंपनी, टीपीए आणि रुग्णालय यांच्यात कधी फारसं भांडण होत नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

या बारीक वस्तू किती बारीक असतात? राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणानं फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली. सलाइनच्या नळीला जोडायचा तीन तोंडांचा एक छोटा व्हॉल्व्ह ५ रुपये ७७ पैशांना घेतलेला होता आणि बिलात १०६ रुपयांना लावलेला. नफा १,७३७ टक्के. त्यात बेकायदा काही नव्हतं, कारण छापील किंमत तेवढीच होती. रुग्णालय घाऊक खरेदी करतं, तेव्हा उत्पादकच छापील किंमत फुगवून देतो. जितकी किंमत मोठी तितकं रुग्णालयाला ते उत्पादन आकर्षक. बाहेरच्या केमिस्टकडून आणू द्या, असं म्हणणाऱ्या नातेवाइकाला 'इथलंच घ्यावं लागेल' असं उत्तर का मिळतं, ते यावरून कळतं.

एका ओळीवर लगाम घातला की बिल दुसरीकडून वाढतं, हेही अनुभवाला आलं आहे. १४ फेब्रुवारी २०१७ रोजी औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. त्याआधी तो लाखाच्या वर जायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटवरही मर्यादा आली. त्यानंतर काही ठिकाणी थिएटर, प्रक्रिया-शुल्क आणि इतर साहित्य महागलं आणि एकूण पॅकेज अपेक्षेइतकं उतरलं नाही, अशा तक्रारी होत राहिल्या. डोळ्याच्या लेन्सला तर अशी मर्यादाच नाही. त्यामुळे विमा कंपनी मोतीबिंदूची रक्कम बांधते तेव्हा वरचा फरक 'चांगल्या लेन्स'च्या नावानं निघतो.

कंपन्यांनी रक्कम बांधायला सुरुवात केली ती मात्र रागाच्या भरात. जुलै २०१० मध्ये न्यू इंडिया, युनायटेड इंडिया, ओरिएंटल आणि नॅशनल या चार सरकारी कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, बंगळूर, चेन्नईतल्या बड्या रुग्णालयांची कॅशलेस सोय एकदम थांबवली. विमा असलेल्या रुग्णाला जास्त बिल लावलं जातं, हा त्यांचा आरोप. त्या ओढाताणीतून 'प्रेफर्ड प्रोव्हायडर नेटवर्क' उभं राहिलं. नेहमीच्या ऑपरेशनांना ठरलेलं पॅकेज, ते मान्य असेल तर यादीत या, नाहीतर रुग्णानं आधी पैसे भरून मागून मागावे. यादीबाहेर ऑपरेशन केलं की कंपनीच्या हातात आणखी एक शस्त्र असतं, 'वाजवी आणि प्रचलित दर' हे कलम. त्याच भागात त्याच कामाला इतर जे घेतात तेवढंच देऊ. इतर म्हणजे कोण, हे कंपनी ठरवते आणि बहुधा स्वतःच्याच पॅकेजकडे बोट दाखवते. विमा लोकपालांपुढे मोतीबिंदूची प्रकरणं येतात ती बहुतेक याच कलमातून.

एप्रिल २०२० मध्ये आयआरडीएआयनं सगळ्या कंपन्यांना विकायला लावलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाण पॉलिसीत तर मर्यादा उघड छापलेली आहे. एका डोळ्याला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांतलं कमी असेल ते. शिवाय मंजूर रकमेतले ५ टक्के रुग्णाचे. एक लाखाची पॉलिसी असेल तर डोळ्याची किंमत २५,००० वर येते. कमी असली तरी आधी कळते, हे तिचं श्रेय द्यायला हवं. डोळ्याच्या पडद्यासाठी दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनचा वाद याहून चिवट होता. हे काम काही मिनिटांचं, पण इंजेक्शन महाग आणि महिन्यामहिन्यानं पुन्हा लागणारं. कंपन्या त्याला ओपीडी म्हणून परत पाठवत. शेवटी २०१९ मध्ये नियामकानं बारा आधुनिक उपचारांच्या यादीत ते बसवलं. त्यामुळे नाकारता येत नाही, मर्यादा मात्र घालता येते.

सरकारी योजनांनी पॅकेजचा मार्ग जास्त ठामपणे धरला. महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं ओळखली जाऊ लागली आणि १ जुलै २०२४ पासून पाच लाखांच्या संरक्षणासह सर्व कुटुंबांना खुली झाली. त्या वेळी यादीत १,३५६ उपचार होते. प्रत्येकाला एक दर आणि त्यातच खाट, औषधं, इम्प्लांट, जेवण. रुग्णाकडून वेगळे पैसे घेणं हाच नियमभंग. दर कमी असल्याची ओरड इथे रुग्णालयांची असते आणि तिचा परिणाम दिसतो तो 'योजनेची खाट शिल्लक नाही' या उत्तरात. गोव्यानं २०१६ मध्ये दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणली, ती तिथल्या रहिवाशांसाठी. सीमेपलीकडच्या दोडामार्ग, सावंतवाडी, बांद्याच्या लोकांना जवळचं मोठं रुग्णालय म्हणजे गोव्यातलं बांबोळीचं. तिथे राज्याबाहेरच्या रुग्णांना जानेवारी २०१८ पासून पैसे लागू झाले तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलन झालं. राज्याची सीमा ओलांडली की 'पैसे कोण भरणार' याचं उत्तर बदलतं आणि पाठोपाठ बिलही.

दर जाहीर तरी करा, या मागणीला कायद्यानं उत्तर दिलं आहे, अर्धंमुर्धं. २०१० च्या केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याच्या नियमांत दर ठळकपणे लावण्याची आणि सरकारनं ठरवलेल्या मर्यादेत राहण्याची तरतूद आहे. याच मर्यादा ठरवल्या न गेल्यामुळे वरची याचिका झाली. महाराष्ट्रानं तो कायदा स्वीकारलेला नाही. इथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. पुण्याची 'साथी' संस्था आणि जन आरोग्य अभियान यांच्या पाठपुराव्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये त्याचे नियम बदलले. मुख्य सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. किती रुग्णालयांत हा तक्ता खुर्च्यांच्या वर दिसतो आणि किती ठिकाणी तो फायर एक्स्टिंग्विशरमागे असतो, हे ज्यानं त्यानं आपल्या गावात बघावं. तक्त्यावर खोलीभाडं आणि तपासणी फी मिळते. 'हर्निया, सगळं मिळून किती' याचं उत्तर त्यावर नसतं.

सरकारनं मनावर घेतलं तर दर बांधता येतात, हे करोनात दिसलं. मे २०२० च्या आदेशानं महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांवर रोजचा कमाल दर लागू केला. साध्या वॉर्डला ४,०००, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. महापालिकांनी लेखापरीक्षक बसवले, जादा वसुलीचे पैसे काही प्रमाणात परतही मिळाले. पीपीई किट आणि महागडी औषधं दराबाहेर होती, आणि बिलं तिथूनच वाढली.

डॉक्टरांची बाजू ऐकल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. तालुक्याच्या गावात पंधरा खाटांचं नर्सिंग होम चालवणाऱ्या सर्जनला कॅशलेसच्या यादीत यायचं तर कंपनीला सवलत द्यावी लागते, कागदांसाठी स्वतंत्र माणूस ठेवावा लागतो आणि पैसे महिन्या-दोन महिन्यांनी येतात. ठरलेली पॅकेजेस वर्षानुवर्षं हलत नाहीत. सीजीएचएसचे दर मुख्यतः २०१४ चे होते, त्यांची मोठी फेररचना झाली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. अशा वेळी साखळी रुग्णालय घासाघीस करू शकतं, एकटा डॉक्टर नाही. त्यातच रुग्ण पाठवणाऱ्याचं 'कट' बिलात दडलेलं असतं. डॉ. अरुण गद्रे यांनी 'कैफियत' या पुस्तकात डॉक्टरांच्याच तोंडून हे मांडलं. महाराष्ट्र सरकारनं २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही करून घेतला. मसुदा झाला, कायदा झाला नाही. गद्र्यांशी बोललेले डॉक्टर प्रामाणिक होते आणि तोट्यातही. स्वस्तात आणि ओपीडीत काम उरकणाऱ्या डॉक्टरला आजची बिलव्यवस्था काहीच देत नाही, ही तिच्यातली सर्वांत वाईट गोष्ट म्हणावी लागेल.

२०२४ आणि २०२५ मध्ये नियम वेगानं बदलले. जानेवारी २०२४ मध्ये विमा कंपन्यांच्या परिषदेनं 'कॅशलेस सर्वत्र' जाहीर केलं. ठरवून करायच्या ऑपरेशनला ४८ तास आधी कळवलं तर यादीबाहेरच्या रुग्णालयातही सोय मिळावी. मे २०२४ च्या परिपत्रकात आयआरडीएआयनं पूर्वमंजुरीला एक तास आणि डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तासांची मुदत घातली. उशिरामुळे रुग्णालयानं जादा पैसे लावले तर ते कंपनीनं सोसायचे. पुनरावलोकन समितीच्या संमतीशिवाय दावा फेटाळायचा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही गेला. २०२३-२४ च्या अहवालानुसार कंपन्यांनी संख्येनं ८३ टक्के दावे दिले, ११ टक्के नाकारले, बाकीचे वर्षअखेर शिल्लक होते. एका दाव्यामागे सरासरी ३१,०८६ रुपये दिले गेले. पण 'दिला' या रकान्यात पूर्ण दिलेला आणि कापून दिलेला दावा शेजारी शेजारी बसतात.

कापलेल्या रकमेसाठी विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला कार्यालयं आहेत. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत लोकपाल. फी नाही, वकील नाही, आणि निकाल कंपनीवर बंधनकारक. मोतीबिंदूचे वीस-तीस हजार कापले गेलेले लोक जातात आणि पुष्कळदा जिंकतातही. कापूस-गॉजच्या अठराशे रुपयांसाठी सहसा कुणी जात नाही. शिवाय भरतीच्या वेळीच एका छापील कागदावर सही झालेली असते, विमा कंपनीनं जी रक्कम दिली नाही ती मी भरीन. फॉर्म बहुधा इंग्रजीत असतो आणि सही करणारा नातेवाईक रुग्णाचा चष्मा आणि अंगठी सांभाळत उभा असतो. रुग्णहक्कांच्या सनदेनं त्याला तपशीलवार बिल मागण्याचा हक्क दिला आहे. ते बिल त्या सहीच्या आधी, अंदाजपत्रकासोबत, चारही याद्या लावून मागता येतं, आणि डोळ्याची तारीख आठवडाभर पुढे ढकलायची मुभा असते तेव्हा त्यासाठी वेळही असतो.